अर्ध्या इंचाची चाल

द्वारका चौकाजवळच्या डोळ्यांच्या दवाखान्यात पन्नाशीच्या एका बाप्याने शेजारच्या खुर्चीवर खोका ठेवला होता. माझ्यासारखी म्हातारी समोर ताटकळत उभी, पण हा उचलेल तर शपथ! सोबतच्या पोरीने खोका मांडीवर घेतला, तेव्हा कुठं मी टेकले.

"तात्या, नखाएवढे घोडे! सगळे सहादूकाकांनी रंगवले?"

"दोनशे. क्लबात टेबलावर पानिपतची लढाई मांडून खेळायची म्हणून दोन वर्षं रंगवत होता."

"मग तुमच्या भांडणाच्या दिवशी झालं काय?"

"घोड्यानं एका चालीत बारा इंच जायचं. त्याचा साडेबारा गेला. मी टेप लावली आणि सगळ्यांदेखत म्हणालो, चोर आहेस तू."

"खेळात? अहो, तीस वर्षांचे मित्र ना तुम्ही?"

"जिंकत होता गं तो. घोडे तसेच टेबलावर टाकून निघून गेला, पुन्हा आला नाही. परवा त्याच्या बायकोनं सांगितलं, तेव्हाच त्याला टेपवरचे आकडे दिसत नव्हते. लाजेपायी बोलला नाही."

"आता इथं त्यांचं ऑपरेशन झाल्यावर दिसेल की."

"गेलेली नजर येत नाही म्हणतात. उरलेली टिकली तर टिकली. चैताली, आत तूच जा. घोडे दे आणि सांग, तात्या चुकला म्हणतो."

"मी सांगू?"

"मला तोंड दाखवायचा धीर होत नाही गं."

मला काही राहवलं नाही.

"ऊठ रे बाबा. चोर म्हणायला काय ह्या पोरीला पाठवलं होतंस?"