कारंज्याला मंजुरी

…अहो, हसताय काय? बायकोला मुतखडा झालाय माझ्या! डॉक्टर म्हणतो, "आजी, पाणी प्या भरपूर." पिईल हो, पण मग जाईल कुठं? दिवसभर बाजारात लिंबं विकते, शेजारीच मी सुऱ्यांना धार लावतो, मी येतो भिंतीआड जाऊन, तिनं काय करायचं? बाटली सकाळी भरून नेते, संध्याकाळी तश्शी भरलेली घरी आणते! म्हणून नगरपालिकेत खेटे घातले, बाजारात बायकांसाठी संडास बांधा म्हटलं, तर कारकून मान वर न करता, "तरतूद आहे, आजोबा." दरवर्षी आहे! तरतूद आहे, संडास तेवढा नाही!

तर तुम्हाला सांगतो, यंदा अंदाजपत्रकाच्या सभेलाच जाऊन बसलो. आमचा विषय कुठं? पार शेवटी! आधी काय? चौकात कारंजं! नगराध्यक्ष म्हणाले, "शहराची शान!" आणि पडद्यावर लावला की कारंज्याचा सिनेमा... पाणी वर जातंय, खाली पडतंय, आवाज तर असा, सुर्रर्र... झुळझुळ... सुर्रर्र... त्यात सगळ्यांना पेले भरभरून सरबत पाजलेलं! बघतो तर एकेकाची मांडी हलायला लागली! एक मेंबर उठून दाराशी गेले, तर शिपाई म्हणतो, "साहेब, इथला संडास बंद. आत कारंज्याचे पाइप ठेवलेत." मंजुरीच्या आधीच पाइप! विचारायचं नाही!

मग काय विचारता! "चर्चा?" "नको!" "हरकत?" "नाही हो, उरका लवकर!" मंजूर, मंजूर, मंजूर, आणि अख्खी सभा धावली मागच्या भिंतीकडं! पुढं खुद्द नगराध्यक्ष! मी ओरडलो, "सावकाश साहेब, तरतूद आहे!"

आत उरलो मी, कारकून आणि एकट्या मेंबरीणबाई... पायावर पाय घट्ट दाबून बसलेल्या, कपाळाला घाम. म्हणाल्या, "आजोबांचा विषय घ्या आधी! माझा हात वर आहे!" कारकून म्हणतो, "गणपूर्ती नाही, बाई." अरे, गणपूर्ती ती काय भिंतीशी रांगेत उभीय, बघ की खिडकीतून! पण नाही. विषय गेला पुढच्या वर्षावर.

बाजारात परत आलो. म्हातारी बाटलीचं झाकण काढून वाटच बघत होती, "झालं का हो?" काय सांगू? म्हटलं, "चौकात कारंजं मंजूर झालं. आपली... तरतूद आहे." तिनं झाकण परत घट्ट लावलं, बाटली पिशवीत टाकली आणि म्हणते कशी, "एक करा. ते कारंजं बघायला तेवढं मला नेऊ नका!"