सुखदाला जेवू कोण घालतं?

कीर्तन ऐकून तृप्त झालेले शांतारामकाका दिल्लीच्या मेट्रोत बसले, तर शेजारी पुण्याहून आलेली आई लेकीची उलटतपासणी घेत होती.

“हॉस्पिटल स्टायपेंड देत नाही म्हणतेस. सहा महिने घरून पैसे मागितले नाहीस. मुनिरक्याच्या खोलीत साधा तवा नाही. मग तुला जेवू कोण घालतं, सुखदा?”

“आई, हळू बोल ना.”

“कोण आहे तो?”

“कुणी नाही गं!”

“खरं सांग, नाहीतर आजच सामान बांध. खड्ड्यात गेली ती इंटर्नशिप!”

“अगं, मग डिग्रीच मिळणार नाही! गुरुद्वारात जेवते मी. रोज. लंगरमध्ये.”

काकांचे हात नकळत जोडले गेले.

“आणि फुकट जेवतेस?”

“पोळ्या लाटते की तिथे.”

“तू? तुझ्या पोळ्यांचे तर नकाशे होतात!”

“होतात. पण तिथे कुणी नावं ठेवत नाही.”