वरचंच कार्ड का तापलं?

मंडळी, टाळ जरा खाली ठेवा! गजाननाचा गजर केलात, आवाज पार बाजारपेठेपर्यंत गेला. आता तोच गजानन मला म्हणतोय — बुवा, गाणं पुरे, गोष्ट सांगा! खरं आहे, देवानं तरी माझं गाणं किती सोसायचं? पेटीवरचे मास्तर हसताहेत बघा. मी एका पट्टीत सुरू करतो आणि भलत्याच पट्टीत संपवतो. ती पट्टी शोधत आमचे मास्तर सगळी पेटी पालथी घालतात.

तर प्रश्न असा आहे. ऐका! ज्याच्यावर आपली माया, त्याला जवळ ठेवावं. बरोबर? बरोबर! पण मंडळी, किती जवळ? सासूनं सुनेला — थांबा, थांबा! सासूचं नुसतं नाव काढलं तर बायकांच्या बाजूला कुजबुज सुरू! मी आज सासूला हात लावत नाही. आज सासरा! सासरे लोक आख्यानातून नेहमी अलगद सुटतात. आज नाही सुटायचे!

आपल्या या तासगावात एक होते दिनकरआप्पा म्हेत्रे. बेदाण्याचं कोल्ड स्टोरेज होतं त्यांचं. खरंच होते का, असं विचारू नका. बुवानं सांगितलं म्हणजे निम्मं खोटं असायचंच, आणि उरलेलं निम्मं तुमच्याच घरातलं असतं!

आप्पांचा सगळा जन्म थंडावा राखण्यात गेला. दारं जाडजूड, दाराला रबराची पट्टी. कुठे एवढीशी फट दिसली, की आप्पांचा आवाज — ‘अरे, थंडी चालली! बुजवा ती!’ आणि मंडळी, धंद्यातली सवय माणूस घरी घेऊन येतो. मी नाही का, घरात मीठ मागायचं तरी आधी प्रस्तावना करतो! तसे आप्पा घरातसुद्धा फटी बुजवायचे. एकुलती एक लेक, रेवती. तिचं लग्न झालं, तर जावयालाच घरी आणून ठेवलं! जावई परागराव, सांगलीच्या एका कंपनीत मशिनांचे नकाशे काढायचे. गुणी माणूस. आप्पा अभिमानानं सांगायचे, ‘आमच्या घरातनं काही बाहेर जात न्हाई.’

शालनकाकू, आप्पांची मंडळी, आतून म्हणायच्या, ‘व्हय, तुमचा आवाज तेवढा जातोय.’

आता या सासऱ्या-जावयात एक गोडी होती. परागराव संगणकावर ट्रक चालवायचा खेळ खेळायचे. एकदा गंमत म्हणून आप्पांना बसवलं. झालं! आप्पांना खूळ लागलं! परदेशातले रस्ते, बर्फ पडतंय, आणि आमचे आप्पा पायजम्यात बसून चाळीस टनांचा ट्रक हाकताहेत! वळण आलं की खुर्चीतल्या खुर्चीत वाकायचे. समोरून गाडी आली की तिला हात करून वाट द्यायचे. अहो, पडद्यातल्या गाडीला! हसू नका. मालिकेतली सून रडली की डोळे कोण पुसतं?

मग ठरलं, मोठा संगणक घ्यायचा. आता संगणकात एक ग्राफिक्स कार्ड असतं. विटेएवढं असतं, पडद्यावरची सगळी चित्रं तेच काढतं, आणि राबराबून तापतं. परागराव म्हणाले, ‘मामा, एकच घेऊ, पण दमदार.’

आप्पा म्हणाले, ‘एक? पाव्हणं, एका बैलावर कुणी गाडी जुपतं का? जोडी घ्या!’

‘जोडी लावता येते मामा. एक चित्र हे काढतं, पुढचं ते. पण ताकद काय दुप्पट होत न्हाई. आणि संगणकाच्या एकाच पेटीत दोन्ही तापतात.’

‘तापू देत की! थंडाव्यातलं मला शिकवता व्हय?’

मंडळी, जाणकार माणसाला समजावणं फार कठीण. मला आमच्या घरी कुणी म्हणालं, ‘तुम्ही फार बोलता,’ तर ते खोटं कसं, हे मी तासभर समजावतो.

दुकानात दोन तऱ्हा होत्या. एका कार्डाचा पंखा मिक्सरसारखा घरघरायचा, पण गरम हवा पेटीच्या मागून थेट बाहेर फेकायचा. दुसरं कार्ड देखणं! तीन पंखे, निळे दिवे, आवाज म्हणून नाही. पण आपली सगळी ऊब तिथल्या तिथे, पेटीतच सोडायचं. जावई म्हणाले, ‘जोडी लावायची तर आवाजाचंच घ्या.’ आप्पा म्हणाले, ‘आवाज करणारं कायबी मला घरात चालायचं न्हाई!’ शालनकाकूंनी त्यांच्याकडे नुसतं बघितलं.

देखणी दोन आणली. पेटीत जागा होती, जरा लांब लांब बसवता आली असती. पण आप्पांचा हट्ट — ‘जोडी हाय ती! लगटून बसवा!’ बसवली. एकाच्या पाठीला दुसऱ्याचं पोट.

आणि नेमकं त्याच आठवड्यात रेवती म्हणाली, ‘आप्पा, आम्ही चार गल्ल्या पलीकडं एक घर बघितलंय. लहानसं हाय. रविवारी मालकाला होकार द्यायचाय.’

आप्पांच्या हातातला घास हातातच राहिला.

‘का? इथं काय कमी पडलं?’

‘कमी कायच न्हाई. जास्तच हाय, आप्पा. ह्यांनी दार लावलं तर तुम्ही विचारता का लावलं, उघडलं तर का उघडलं. मी हसले तर काय झालं, गप्प बसले तर काय झालं.’

परागराव खाली मान घालून म्हणाले, ‘मामा, तुम्हाला डावलून मी जाणार न्हाई. तुम्ही नको म्हणालात तर ते घर सोडू. पण मग मी पुण्याची बदली घेतो. या घरात माझा जीव घुसमटतोय.’

बघा मंडळी, काय पेच! चार गल्ल्या, नाहीतर पुणे! आप्पांनी काय करावं? शहाण्या माणसानं जे करू नये ते केलं. रुसले! जेवणाचं ताट घेऊन वेगळ्या खोलीत बसले. लेकीशी बोलणं बंद, जावयाशी बोलणं बंद. रुसलेल्या माणसाला वाटतं, सगळं घर आपल्या रुसव्यावर चिंतन करतंय. घरात दुसरीच चर्चा चाललेली असते, भाजी कुठली करायची!

करमेना, म्हणून आप्पा खेळायला बसले. ट्रक घाटात चढतोय, चढतोय, आणि पडदा काळा! संगणक बंद! पुन्हा लावला, पुन्हा बंद. बंद पडण्याआधी पडद्याच्या कोपऱ्यात दोन्ही कार्डांच्या तापमानाचे आकडे दिसले. खालचं कार्ड बरं होतं, वरचं नव्वदच्या वर गेलेलं. आप्पांचा धंद्यातला अभिमान जागा झाला. ताप? माझ्या घरात? जावयाला विचारायचं तर अबोला! मग स्वतःच उठले. आणि काय केलं असेल?

फटी बुजवल्या!

हो! पेटीला जितक्या जाळ्या, जितकी भोकं, सगळ्यांवर चिकटपट्टी! दाराची रबरी पट्टी होती घरात, ती चारी कडांना. खोलीचा एसी अगदी खाली आणला. कमरेवर हात ठेवून म्हणाले, ‘आता बघतो, थंडी कुठनं जाती!’

अहो आप्पा, थंडी जाईल कुठून? ती आत आलीय कुठे?

संगणक लावला. चहाचा कप तोंडाला लागतोय, तोवर बंद! वर जळकट वास. आप्पा घाबरले आणि सगळा अबोला विसरून ओरडले, ‘पाव्हणं! पळा!’

परागराव धावत आले. त्यांनी वायर काढली. पेटी बघितली. रबराची पट्टी बघितली. मंडळी, त्या जावयाचं थोरपण असं, की तो हसला नाही! त्याच्या जागी मी असतो तर आजवर त्यावर दहा कीर्तनं केली असती. त्यानं पट्ट्या सोलल्या, झाकण काढलं, आणि भस्सकन गरम हवा आप्पांच्या तोंडावर आली.

आप्पा हळूच म्हणाले, ‘दोन्ही सारखीच. एकाच दिवशी आणलेली. मग वरचंच का तापतंय ओ?’

‘खालचं आपली ऊब सोडतंय मामा, आणि वरचं तीच हवा ओढून घेतंय. त्याच्या वाट्याला ताजी हवा येतच न्हाई.’

‘म्हणजे खालचं खराब हाय?’

‘न्हाई, मामा. दोन्ही चांगली हायत. मधी जागा न्हाई.’

आप्पा खुर्चीत बसले. दोन कार्डांच्या मधे बोट घालून बघितलं, शिरेना. मग एकदम स्वतःच्या कपाळावर हात मारला आणि हसायला लागले. डोळ्यांत पाणी, आणि हसताहेत!

‘शालन, अगं इकडं ये! आयुष्यभर मी हमालांवर कशापायी ओरडलो? थप्पीला थप्पी चिकटवू नका! मधी चार बोटं सोडा, वारं खेळू दे, न्हाईतर माल बिघडतोय! बेदाण्याला जागा सोडली गं मी. निर्जीव बेदाण्याला! आणि घरात मात्र दार लावायची सवय तेवढी आणली, जागा सोडायची तिकडंच ठेवून आलो.’ मग जावयाकडे बघून म्हणाले, ‘पाव्हणं, खालचं कार्ड मीच ओ. माझीच वाफ तुमच्या तोंडावर.’

परागराव गडबडले. ‘तसं न्हाई मामा...’

‘तसंच हाय! खराब न्हाई म्हणालासा तेवढं बास झालं मला. रविवारची वाट कशाला बघायची? लावा त्या मालकाला फोन.’

आणि आप्पांनी स्वतः होकार कळवला. फोन ठेवला, आणि मग लहान पोरासारखे रडले. रेवती जवळ बसली, तर म्हणाले, ‘जरा सरकून बस गं, शिकतोय मी.’

पुढं काय झालं? जोडी मोडली! एक कार्ड आप्पांच्या पेटीत राहिलं, दुसरं जावयाच्या जुन्या पेटीत गेलं. आता दोघं आपापल्या घरी बसतात, आणि इंटरनेटच्या तारेवरून एकाच रस्त्यावर दोन ट्रक निघतात. कानाला हेडफोन लावून आप्पा ओरडतात, ‘पाव्हणं, थांबा की, मी मागं राहिलोय!’ तिकडून उत्तर येतं, ‘थांबलोय मामा, या सावकाश.’ एका घरात होते तेव्हा दोघांत इतकं बोलणं कधी झालं नव्हतं. आणि दोन्ही कार्डं गार!

आता मंडळी, गोष्ट संपली, पण तुमची सुटका नाही. खरं सांगा, घरात दुसऱ्याच्या तापानं तापतो तो कोण? वरचं कार्ड कोण? हात वर करा!

अरे वा! सगळा मंडप! आजोबा, तुम्ही दोन्ही हात? आणि मास्तर, पेटी सोडून तुम्हीसुद्धा? सगळेच वरचे! अहो, मग खालचं कोण? सगळी वाफ येते तरी कुठून?

आणि मी? मी तर तुम्हाला विचारायच्या आधीच हात वर केला होता. पण त्या खांबाजवळ बघा. तिथे माझी बायको बसली आहे. सगळ्या मंडपात हात वर न केलेली ती एकटीच. ती नुसती माझ्याकडे बघते आहे.

मंडळी, आजचं निरूपण मी इथेच आवरतो. गजाननाला हात जोडा, आणि शेजारच्याला जरा वारा लागू द्या. मलाही आता घरी जायचं आहे, आणि आज जाताना मी गप्प बसणार आहे.