लाडवावरची रेघ

(नाशिकमधल्या एका मुलांच्या दवाखान्याचा बाक. पाळणाघर चालवणाऱ्या राखीताई, आणि पाळणाघराचं ॲप बनवून देणारी हर्षाली. हर्षालीची मुलगी दिशाही त्याच पाळणाघरात असते; तिथली मुलं चिमणाबाई सांभाळतात.)

राखीताई : हे बघ, ॲपमध्ये अजूनही तेच दिसतंय. साईसाठी, 'केळं, मऊ भात, शेंगदाण्याचा लाडू.' मी वाचलं, चिमणाबाईंनी भरवलं.

हर्षाली : साईची आई, शुभांगी, म्हणते, काल शेंगदाण्याने त्याला पुरळ आलं, म्हणून सकाळी तिने सूचनेत लाडवावर आडवी रेघ मारली होती.

राखीताई : मग कुठाय रेघ?

हर्षाली : माझ्या चाळणीने काढली.

राखीताई : पिठाची चाळणी असल्यासारखं बोलतेस.

हर्षाली : गेल्या महिन्यात कुणीतरी दुसरीकडचा मजकूर आणून सूचनेत चिकटवला, त्यात कोड लपलेला होता. सगळ्यांच्या फोनवर नको ती पानं उघडायला लागली.

राखीताई : आठवतंय. नातवाला सोडायला येणारे भिकाआजोबा आठवडाभर माझ्याशी बोलले नाहीत.

हर्षाली : मी घाबरले, ताई. चाळणी फार बारीक केली. ठळक अक्षरं आणि यादी, एवढंच ठेवायचं. बाकी खुणा काढून टाकायच्या, शब्द राहू द्यायचे. रेघेला परवानगी द्यायची राहून गेली.

राखीताई : म्हणजे रेघ गेली आणि लाडू राहिला.

हर्षाली : हो.

राखीताई : आणि मीच सगळ्यांना सांगत बसले, पुसू नका, रेघ मारा, काय बदललं ते मला कळू दे. वहीतसुद्धा तसंच करायचो ना आपण.

हर्षाली : डॉक्टर काय म्हणाले?

राखीताई : इंजेक्शन दिलंय, ऑक्सिजन लावलाय. ओठ अजून सुजलेलेच आहेत. थांबा म्हणाले. शुभांगी लासलगावहून निघालीय.

हर्षाली : तिला मी सांगते.

राखीताई : ते नंतर. आधी त्या रेघा परत आण. तिकडे एकतीस पोरं आहेत.

हर्षाली : नाही येत, ताई. साठवायच्या आधीच चाळलं जातं. मूळ मजकूर मी कुठे ठेवलाच नाही. कुणी काय खोडलं होतं, ते आता मलाही कळणार नाही.

राखीताई : अगं, पण दिशाच्या सूचना तू रोज लिहितेस. एकदाही लक्षात आलं नाही?

हर्षाली : मी कधी काही खोडलंच नाही.

राखीताई : थांब, चिमणाबाईंचा फोन. स्पीकरवर टाकते. बोला.

चिमणाबाई : ताई, साई बरा हाय का?

राखीताई : आत आहे अजून.

चिमणाबाई : बरं. इकडं चार वाजले, पोरं ताटल्या घेऊन बसलीत. ही दिशा तर लय मागं लागलीय. काय देऊ?

राखीताई : हर्षाली, काय द्यायला सांगू?

हर्षाली : मला नाही सांगता येत, ताई.

राखीताई : चिमणाबाई, पाणी द्या. एकेकाच्या आईला फोन लागेपर्यंत नुसतं पाणी.