टाळांची किणकिण

अंबाजोगाईच्या दवाखान्यात कान दाखवायला वनमाला नंबरची वाट बघत बसली होती. मागच्या बाकावर दोन म्हातारे तावातावानं बोलत होते. न ऐकावं म्हटलं तरी तिच्या कानावर पडतच होतं.

"पाशा, मोबाईलवरच्या गाण्यात जीवच न्हाई बे. त्या भजनातली टाळांची किणकिण पार कापून टाकली."

"कावून कापतील, गहिनीनाथ?"

"डेटा वाचवायला! म्हणून महागाचा प्लॅन घेतला, स्पीकर बदलले, वायरी बदलल्या. तरी न्हाईच."

"अन् तुझी जुनी कॅसेट?"

"कॅसेट ती कॅसेट! कंपनीनं उद्या गाणं काढून टाकलं तरी माझ्या कपाटातून जात न्हाई. पर परवा लावली, तर तिच्यातबी टाळ न्हाईत. टेप घासली आसल."

"परवा मी तिथंच बसलोतो, गहिनी."

"मग?"

"टाळ वाजत होते. मोबाईलमधीबी वाजत्यात."

वनमालानं मान वळवली नाही.

"मला वाटलं, पाशा, तुझा कान दाखवायला आलोत."

"तसं म्हणलो नसतो तर तू आला आसतास का?"

"आत काय करत्यात?"

"कानाला हेडफोन लावत्यात. आवाज आला की बोट वर करायचं, बस."

"अन् न्हाईच आला तर?"

मागं केसपेपरची घडी चाळवल्याचा आवाज झाला.

"मग आसं कर, पाशा. सांच्याला घरी ये. भजन लाव अन् माझ्या समोर बस. टाळ आले की तू बोट वर कर. बाकीचं मला पाठ हाय."