गाडी कंपनीची, आणि तू?

मंडळी, टाळ जरा मांडीवर ठेवा आणि मला एका प्रश्नाचं उत्तर द्या. वाहन कोणाचं? ज्याच्या नावावर कागद आहे त्याचं? जो चालवतो त्याचं? की जो त्यात बसून कुठंतरी पोचला, त्याचं?

बघा, गप्प झालात! मघाशी पंगतीत प्रत्येकजण आपापल्या गाडीचं मायलेज सांगत होता — आणि आता सभामंडपात एकाला बोलता येईना! राहू द्या. उत्तर मी देणार नाही. उत्तर देईल शशिकांत मोहिरे. ऐका!

हे शशिकांतराव कराडचे. दूध थंड करायची यंत्रं बनवणाऱ्या एका कंपनीत नोकरीला. कंपनीचं नाव? — अहो, नाव कशाला! कीर्तनात जाहिरात करायची तर त्यांनी आधी आपल्या मंडपाचं छत करून द्यावं! तर, कुठल्या डेअरीचं यंत्र बंद पडलं की शशिकांतराव निघाले मोटारसायकलवर. पावसात भिजायचं, उन्हात भाजायचं, आणि घरी आलं की कंबर धरून बसायचं. अशी वर्षं गेली. आणि एक दिवस बढती मिळाली! मोठे साहेब झाले!

पुण्याच्या ऑफिसात रणपिसे साहेबांनी बोलावलं. "मोहिरे, अभिनंदन! आता मोटारसायकल बंद. दोन पर्याय आहेत. एक — कंपनीची गाडी. नवी कोरी, पांढरीशुभ्र. पेट्रोल कंपनीचं, दुरुस्ती कंपनीची, पंक्चरसुद्धा कंपनीचं! दुसरा — गाडीभत्ता. दरमहा पगारात पैसे येतील. गाडी तुमची तुम्ही घ्या, खड्डे तुमचे तुम्ही चुकवा. सोमवारी सांगा."

झालं! आता सल्ला द्यायला माणसं कमी असतात का हो? आजारपणात औषधाला पैसे देणारा एक भेटत नाही, पण सल्ला? — दारात रांग! सासरे म्हणाले, "जावईबापू, कंपनीचीच घ्या! दारात उभी राहिली की आळी बघत राहिली पाहिजे!" मेव्हणा म्हणाला, "भत्ता घ्या, आणि मोटारसायकलच चालवा!" — तो मेव्हणा व्यापारी आहे, हे सांगायला नको.

बायको विनया तेवढी वेगळं बोलली. "अहो, तुम्ही सगुणाआत्यांना शब्द दिलाय. आपली गाडी झाली की त्यांना घाटाखाली नेतो म्हणून. भत्ता घ्या. लहानशी का होईना, आपली गाडी असू दे."

आता ही सगुणाआत्या कोण? शशिकांतची सख्खी आत्या. पाटणच्या वरच्या अंगाला, डोंगरातल्या वाडीत राहते. शशिकांतची शाळा तिच्याच घरी झाली. पोराच्या ताटात दूध आणि स्वतःच्या ताटात ताक, अशी बाई! तिची धाकटी बहीण हौसा, दिली घाटाखाली, चिपळूणकडच्या एका खेड्यात. मधे काय? एक कुंभार्ली घाट! नकाशात बघाल तर बोटभर. पण तीन एसट्या बदलायच्या, पुढं पायवाट, आणि सगुणाआत्याचे गुडघे गेलेले. बहिणी-बहिणींची वर्षानुवर्षं गाठ नाही. आणि हौसाबाईंच्या डोळ्यांतला उजेड हळूहळू मावळत चाललेला. फोनवर म्हणायची, "आक्के, दिसतंय तवर ये गं. मागनं येशील तर मला निसता तुझा आवाजच घावंल."

शशिकांतरावांना हे ठाऊक नव्हतं का? होतं! म्हणाले, "अगं विनया, आत्याला कंपनीच्याच गाडीतून नेऊ की! एसी लावून, थाटात! काय बिघडलं?" आणि सोमवारी सही ठोकली. नियम वाचले? — मंडळी, खरं सांगा, नियम कोण वाचतं! लग्नातले मंत्र तरी कुणी ऐकले होते का?

गाडी आली. काय तिचा रुबाब! सासऱ्यांनी स्वतः नारळ फोडला. शशिकांतराव आत बसले, काच वर केली, आणि पहिल्यांदाच बाहेरचा धुरळा बाहेरच राहिला. केवढं सुख वाटलं असेल त्या माणसाला! वाटू द्या. मी हसणार नाही. इतकी वर्षं उन्हात भाजलेला माणूस होता तो.

पण त्या गाडीत एक डबी होती. एवढीशी! गाडी कुठं आहे, ते त्या डबीमुळे पुण्याला दिसायचं. आपल्या पापपुण्याचा हिशेब चित्रगुप्त ठेवतो म्हणतात, तो निदान मेल्यावर दाखवतो! इथं संध्याकाळीच फोन. पुण्याच्या ऑफिसातल्या पाठारे नावाच्या बाई, मोठ्या गोड आवाजाच्या. "सर, आज गाडी भजीच्या दुकानापाशी बराच वेळ उभी होती. काही अडचण?" काय सांगणार! भजी गरम निघायची होती, हीच अडचण!

असो. एका रविवारी शशिकांतराव निघाले आत्याला न्यायला. वाडीत गाडी शिरली, तर अख्खी वाडी रस्त्यावर! आत्याने चार दिवस आधीच सांगून ठेवलेलं. इरकली लुगडं, कपाळभर कुंकू, हातात काळ्या घेवड्याची पिशवी आणि शेंगदाण्याच्या लाडवांचा डबा. बायकांनी धरून तिला गाडीत बसवलं. गार वारा लागला तशी म्हणाली, "आरं शशा, हिच्या आत तर थंडीचे दिवस हैत!" सगळे हसले.

आणि आमच्या प्रामाणिक शशिकांतला वाटलं, घाट उतरतोय, आधी कळवलेलं बरं. लावला पाठारेबाईंना फोन.

"सर, सोबत कोण आहे?"

"माझी आत्या."

पलीकडून तोच गोड आवाज — "सर, नियमात कुटुंब म्हणजे पती, पत्नी आणि मुलं. आत्या कुटुंबात धरत नाहीत. विम्यात बसत नाही, सर. घाटात काही झालं तर सगळी जबाबदारी तुमच्यावर येईल. सॉरी."

ऐकलंत? जिनं मांडीवर घेऊन वाढवलं, ती कुटुंबात धरत नाही! आणि पाठारेबाईंचा काय दोष? लिहिलेलं होतं तेच त्यांनी वाचून दाखवलं. सही कुणाची होती?

शशिकांत गाडीच्या दारापाशी आला. "आत्या... आज नाही जमायचं. गाडी कंपनीची आहे. दुसऱ्या कुणाला बसवता येत नाही."

दुसऱ्या कुणाला! हा शब्द त्याच्या तोंडून गेला आणि त्याचा त्यालाच टोचला. म्हातारी दाराला धरून खाली उतरली. सगळी वाडी बघतेय! रडली नाही, चिडली नाही. उलट त्याच्याच पाठीवरून हात फिरवला. "असू दे रं. त्यात काय एवढं." आणि मग तिनं विचारलं — टोमणा नव्हता हो, भोळेपणानं विचारलं — "गाडी कंपनीची म्हंतोस. बरं. आन् तू?"

बापू, पेटीवर जरा सूर धरा. ही ओवी माझीच आहे, मोडकीतोडकी —

*वाहन मिळाले, दार लावियले,*
*आपुले राहिले वाटेवरी!*

रिकामी गाडी घेऊन शशिकांत कराडला परतला. मागची सीट आरशात दिसत होती. आरसा वळवून ठेवला, तरी दिसत होती!

दुसऱ्या दिवशी थेट रणपिसे साहेबांसमोर. "साहेब, गाडी परत घ्या. मला भत्ता द्या."

साहेब चष्मा काढून बघायला लागले. "मोहिरे, लोक भत्ता सोडून गाडी मागतात! आणि हे बघा, मधेच बदल केलात तर गाडी आज जमा करायची, आणि भत्ता सुरू होणार नव्या वर्षापासून. तोवर ना गाडी, ना पैसे. वर्षभर थांबा ना."

"साहेब, मी थांबेन. माझ्या धाकट्या आत्याचे डोळे थांबायचे नाहीत."

साहेबांनी चावीसाठी हात पुढं केला.

मग काय! साठवलेलं मोडलं आणि एक जुनी गाडी घेतली. लहानशी. रंग कसला? — वांग्याचा! सासरे बघायला आले, गाडीभोवती एक फेरी मारली आणि म्हणाले, "जावईबापू, ही भाजीबाजारातून आणली का?" पुढं दोन सणांना ते बोलले नाहीत. सासरे गप्प, हाही एक भत्ताच म्हणायचा!

निघाली वांगी गाडी. पुढं शशिकांत, मागं विनया आणि आत्या. एसी? — काचा खाली करायच्या, तोच एसी! घाटात गाडी तापली. बॉनेटमधून ही वाफ! आत्या उतरली, गाडीवर हात ठेवून म्हणाली, "दमली गं बाय माझी." एका ट्रकवाल्यानं पाणी दिलं, सगळ्यांनी मिळून लाडू खाल्ले, आणि गाडी पुन्हा सुरू झाली.

हौसाबाईंच्या अंगणात पोचले तेव्हा दुपार होती. काठी टेकत हौसाबाई बाहेर आल्या. "कोण हाय?"

"मी हाय गं."

हौसाबाईंनी काठी टाकली. बहिणीचा हात धरला आणि तिला ओढत अंगणाच्या मधोमध नेलं, उन्हात. दोन्ही हातांनी तोंड धरलं, उजेडाकडे फिरवलं, आणि आपलं तोंड अगदी जवळ नेऊन बघत राहिल्या. किती वेळ! शशिकांत गाडीला टेकून उभा होता, त्याला पुढचं काही दिसेना — डोळे त्याचे चांगले होते, तरीही!

मग हौसाबाई म्हणाल्या, "आक्के, किती म्हातारी झालीस गं!"

"आन् तू काय नवरी हाईस व्हय?"

आणि घरात पाऊल टाकायच्या आत भांडण सुरू! आईची नथ कुणी नेली, यावरून! विनया हसून हसून पायरीवर बसली. परत निघताना गाडीत आमसुलं, फणसाचे गरे आणि हौसाबाई — चार दिवस माहेरी येते म्हणून त्याही बसल्या! जागा होती ना!

मंडळी, कंपनीची गाडी घेणं पाप नाही. समोर बसलेल्या साहेबलोकांनी घाबरू नये! ज्याचं काम तिच्यानं भागतं त्यानं खुशाल घ्यावी. पण निवडताना एक विचारावं: हिच्या दाराआत माझी माणसं मावतात का? आणि हा देह तरी काय, आपल्या नावावर थोडाच आहे? मालक वर आहे, एक दिवस चावी द्यायचीच आहे. पण त्या मालकाचा नियम उलटा आहे बरं का — एकट्यानं फिरवलीत, की जाब विचारतो!

आता आरती. आणि ऐका, आरती झाली की प्रसादाला मी बसणार नाही. मी बाहेर मैदानात उभा राहणार आहे, जिथं तुमच्या गाड्या लावल्यात. वरच्या आळीच्या आज्या चालत आल्यात. त्यांना वाटेवर ठेवून ज्याच्या गाडीत रिकामी सीट निघाली, त्याची गाडी मी हात आडवा करून थांबवणार! आणि विचारणार — दादा, गाडी तुझी. बरं. आणि तू?