वादळ ओरिसाकडं जाणार होतं

तो टीव्ही बंद करा बरं. वादळ कुठं जाणार, हे ऐकलं की माझं आजही डोकं फिरतं.

सेनगावजवळ आमच्या मेंढ्या होत्या तेव्हाची गोष्ट. दिवाळीआधी लोकर कातरायची होती, अन् बंगालच्या उपसागरात वादळ उठलेलं. आई दादाला म्हणाली, "आभाळ बराबर दिसत न्हाई. दोन दिस थांब."

पण दादाला सासुरवाडीला जायची घाई. "रेडिओवर सांगितलं ना, वादळ ओरिसाकडं जाऊन राहिलं. आपल्याकडं काहून येईल?"

आई नको नको म्हणत असताना त्यानं कातरणारे बोलावले अन् सगळा कळप उघडा करून टाकला.

दुसऱ्या दिवशी दादा निघायच्या आधीच वादळ आंध्रात शिरून आमच्यावर आलं. बोचरा वारा अन् वरून पाऊस. मेंढ्या थरथरत एकमेकींवर पडायला लागल्या. आईनं घरातल्या सगळ्या गोधड्या त्यांच्यावर टाकल्या, मावतील तेवढ्या मेंढ्या घरात कोंबल्या. तरी सकाळी कितीतरी ताठ होऊन पडल्या होत्या. त्यात दोन गाभण होत्या.

दादा रेडिओ घेऊन बाहेर आला. "आई, ऐक. वादळानंच दिशा बदलली म्हणून राहिले. माझी काय चूक?"

आईनं लोकरीचं गाठोडं उचलून त्याच्या छातीवर फेकलं. "मंग इचार तुह्या रेडिओला, ही परत कशी चिकटवायची!"

दादा त्या दिवशी जेवला नाही. आईनं त्याला वाढलंच नव्हतं.